नऊ हात एक वीत

नागपूरजवळच्या बेसातल्या त्या गल्लीत श्रावण नंदनवारचं घर कोणीही दाखवेल. ज्या घरापुढं पत्र्याच्या शेडखाली लांब नाकाची, उघड्या टपाची, रंग न लावलेली एक मोटार उभी आहे आणि मालक तिच्याभोवती हातात टेप घेऊन उगाचच फेऱ्या मारतो आहे, ते घर त्याचं.

श्रावण हा मुळात कूलरवाला. प्रताप नगरात त्याचं दुकान. उभं आयुष्य त्यानं पत्रा कापला, काटकोनात वाकवला, त्यात पंखा बसवला आणि वाळ्याच्या ताट्या लावून नागपूरकरांचे उन्हाळे निभावून नेले. कूलरला चार बाजू असतात, चारही सरळ. गोलाई नावाच्या भानगडीत हा माणूस कधी पडला नव्हता. अशा माणसानं साठी गाठल्यावर जुन्या काळातली, हातानं पत्रा ठोकून बनवलेली दोन माणसांची मोटार घरच्या घरी बांधायला काढावी, म्हणजे गल्लीला फुकटची करमणूकच झाली.

"भाऊ, हिले ताट्या कोणत्या बाजूनं लावसान?" समोरचे विचारायचे. "आन पाण्याची टाकी?"

श्रावण हसून सोडून द्यायचा. त्याला गल्लीची चिंता नव्हती. मोटारीला नंबर मिळणार नाही, ती कधी रस्त्यावर जाणार नाही, याचीही नव्हती. रस्त्यावर न्यायला त्यानं ती बांधलीच नव्हती. त्याचा जीव टांगणीला लागला होता तो घरातल्या एका लोखंडी पेटीपायी. त्या पेटीत एक झूल होती.

ती झूल त्याच्या बापानं, चंपतरावानं, विणली होती. त्याला आता साठ-पासष्ट वर्षं झाली.

उमरेडकडच्या एका मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची, एक मोटार होती. चाकं, सांगाडा आणि इंजिन विलायतेहून आलेलं, पण वरची बॉडी त्यानं मुंबईच्या कारागिरांकडून आपल्या हौसेप्रमाणं बांधून घेतलेली. पुढं लांबच लांब नाक, मागं होडीसारखं निमुळतं शेपूट. मालगुजारी गेली, मोटार राहिली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मालगुजाराला हातमागाची झूल हवी होती, पोळ्याला बैलावर घालतात तशी, पण नाकापासून शेपटीपर्यंत झाकणारी. उमरेडच्या कोष्ट्यांत तेव्हा चंपत नंदनवार हा विशीतला पोरगा करवती काठाच्या कामात नाव काढून होता. त्याच्याकडं काम आलं. त्यानं मोटार आपल्या हातानं मोजली, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, ताणलेल्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत, याप्रमाणं. नऊ हात एक वीत भरली. तेवढी झूल त्यानं विणली, दोन्ही टोकांना करवती काठ घातला आणि स्वतः डोक्यावर घेऊन पोचवली. मालगुजाराच्या गड्यांनी ती मोटारीवर पसरली, आणि शेपटीचं टोक वीतभर उघडं राहिलं.

मालगुजार रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "चंपत, हिला लुगडं नेसवायला आला होतास काय रे?" म्हणाला, आणि झूल परत दिली.

एवढंच झालं. पण एवढं पुरतं. उमरेडच्या पेठेत दुसऱ्या दिवसापासून चंपतचं नाव 'वीतकमी' पडलं. पुढं नावाला पाय फुटले आणि ते नागपूरपर्यंत आलं. श्रावण शाळेत वीतकमीचा पोरगा होता. त्याच्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांतल्या एकानं चहा पिता पिता विचारलं होतं, "पोरगी तर पूर्ण हाये ना गा, का वीतभर कमी?" सगळे हसले. चंपतरावही हसला आणि उठून मागच्या अंगणात गेला. ते अंगणात पाठमोरं उभं राहणं श्रावणच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही.

झूल परत आली त्या वर्षीच चंपतरावानं माग उचकटून माळ्यावर टाकला आणि नागपूरला गिरणीत लागला. गिरणीच्या यंत्रानं त्याच्या उजव्या करंगळीचं एक पेर खाल्लं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. बोलला ते झुलीबद्दलच, आणि एकच वाक्य, कोणी ऐको न ऐको.

"माप माझं बरोबर होतं. मी मोजली तवा शेपटीवर स्टेपनी नव्हती. झूल घालाच्या दिवशी स्टेपनी टांगली होती. तिनं वीत खाल्ली."

हे खरं की खोटं, सांगणार कोण? मोटार कधीच भंगारात गेली होती.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, प्रताप नगरातच, अरुंधतीबाई नावाच्या एका बाईंकडं श्रावण कूलर बसवायला गेला. खिडकीचं माप घेताना भिंतीवरच्या जुन्या फोटोकडं लक्ष गेलं आणि त्याचे हात थांबले. फेटेवाले गृहस्थ, आणि बाजूला लांब नाकाची, होडीच्या शेपटीची मोटार. अरुंधतीबाई त्या मालगुजाराच्या नात निघाल्या.

"तुमच्या आजोबांनी एक झूल परत पाठवली होती," श्रावणच्या तोंडून निघून गेलं. "गाडीची. वीतभर कमी पडली म्हणून."

"असं का? मला नाही हो माहीत," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं कधी कोणी असं काही बोललं नाही."

श्रावणला ते फार लागलं. आपल्या घरात ज्या वीतभर कापडावर दोन पिढ्यांची मान खाली गेली, ते त्या घरात कोणाच्या लक्षातही नव्हतं. बाईंनी भल्या मनानं फोटोची प्रत काढून दिली. ती घेऊन श्रावण तसाच घरी आला, आणि उमाळ्याच्या भरात बापासमोर बसून बोलून गेला.

"बाबा, मी ते गाडी बांधतो. हुबेहूब. बिना स्टेपनीची. आपण झूल घालून पाहू."

चंपतरावाच्या डोळ्यांना काचबिंदू झालेला. उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, चेहरा नाही. त्यानं हात पुढं करून पोराचा चेहरा चाचपला, थट्टा करतोय की काय ते पाहायला. मग म्हणाला, "बांध. पण गाडी उभी झाल्याबिगर पेटी उघडाची नाही. आधी गाडी, मंग झूल."

संध्याकाळी श्रावणनं फोटो भिंग लावून नीट पाहिला, मग दिव्याखाली धरून पुन्हा पाहिला. मोटारीची स्टेपनी पुढच्या चाकाजवळ, बाजूला, खास केलेल्या खळग्यात बसवलेली होती. शेपटीवर स्टेपनी टांगायला जागाच नव्हती.

माणूस शहाणा असता तर तिथंच थांबला असता. पण शब्द देऊन बसला होता, आणि म्हातारा दुपारपासून जो भेटेल त्याला सांगत सुटला होता. कदाचित नंतर कधी शेपटीवर टांगली असेल, अशी श्रावणनं स्वतःची समजूत घातली. समजूत घट्ट बसली नाही, पण तिच्यावर दोन वर्षं काढली.

काम मात्र त्यानं मनापासून केलं. शेजारच्या गॅरेजवाल्या धम्मानंदनं भंगारातून एका जुन्या जीपचा सांगाडा मिळवून दिला, तो कापून-जोडून बेताचा केला. त्यावर सागवानी लाकडाचा पिंजरा उभा केला, कारण जुन्या काळी अशा गाड्यांची बॉडी लाकडी पिंजऱ्यावरच चढवत. मग ॲल्युमिनियमचा पत्रा. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकायचा आणि तो फुगायची वाट पाहायची. काटकोनात जन्म गेलेल्या माणसाला ती गोलाई रडवायची. पहिला मडगार्ड परातीसारखा झाला. अनुसयानं, त्याच्या बायकोनं, त्यात खरोखरच पापड वाळत घातले.

मापासाठी श्रावणनं बापाचा हात टेपनं मोजून घेतला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात तसाच होता. वीत मात्र मोजता येईना. उजव्या करंगळीचं पेर नव्हतं, आणि डावा पंजा वातानं ताणला जाईना.

"तुझी वीत घे," चंपतराव म्हणाला. "तुझा पंजा माझ्यावरच गेला हाये."

नऊ हात आणि त्यावर श्रावणची एक वीत. फोटोतल्या चाकावरून हिशोब केला तेव्हा लांबी नेमकी तेवढीच निघाली. म्हणजे बापाचं माप बरोबर होतं! श्रावणला त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यानं धम्मानंदला खेचून सावजी मटण खायला नेलं. दोन वर्षांत तो सुखानं जेवला असेल तर त्या दिवशी.

थंडी सरता सरता शेपूट चढलं आणि मोटार उभी झाली. चंपतरावानं लगेच एकेकाला फोन लावून घेतला. उमरेडला जे कोणी जुने उरले होते त्या सगळ्यांना आवतण. "अक्षय तृतीयेले या. झूल घालून पाह्याची हाये. डोयानं पाहा आन मंग बोला." आवाज असा की एखाद्यानं पोराचं लग्न काढावं.

श्रावणला राहवेना. बापाला घेऊन अनुसया डोळ्याच्या दवाखान्यात गेली तेव्हा त्यानं शटर ओढायला निघालेल्या धम्मानंदला बोलावलं आणि पेटी उघडली. झूल पांढरी शुभ्र होती, घडीच्या रेघांवर तेवढी पिवळसर. दोघांनी ती नाकापासून अंथरत नेली. नाकाशी काठ बरोबर बसला, सीटवरून ती छान उतरली, आणि शेपटीशी येऊन संपली. टोकाला पत्रा उघडा होता. श्रावणनं पंजा ताणून ठेवला. एक वीत.

स्टेपनी नव्हती, काही नव्हतं. झूलच कमी होती.

 तो चाकाला टेकून खाली बसला. बापानं मोजलं बरोबर आणि विणताना चुकला. एवढा सरळ हिशोब होता. साठ-पासष्ट वर्षं ज्या स्टेपनीवर म्हाताऱ्यानं आपली अब्रू टांगून ठेवली होती ती नव्हतीच, आणि हे आता त्याच्या अंगणात, उमरेडच्या त्याच लोकांसमोर सिद्ध होणार होतं. पोराच्या हातानं. मालगुजारानं एकदा केलं ते पोरगा दुसऱ्यांदा करणार होता.

"सांगून दे त्याइले," धम्मानंद म्हणाला. "म्हाताऱ्यात दम हाये."

"नाही." श्रावण उठला. "शेपूट कमी करतो."

"काय बे?"

"दुसरं शेपूट ठोकतो. एक वीत आखूड. नट-बोल्टावर तर हाये, बदलून टाकू."

"आन खरी गाडी?"

"खरी गाडी भंगारात गेली," श्रावण म्हणाला. "बाप घरात हाये."

धम्मानंदनं झुलीचं टोक उचलून घडी घालायला घेतली. पण त्या दिवसापासून तो श्रावणशी बोलताना मोटारीकडं पाहायचा आणि मोटारीवर काम करताना श्रावणकडं.

घरी ठोकलं असतं तर म्हाताऱ्यानं विचारलं असतं, म्हणून आखूड शेपूट प्रताप नगरच्या दुकानात तयार झालं. ऐन हंगाम. गिऱ्हाइकं कूलरसाठी दारात उभी, आणि हा बाबा मागच्या खोलीत मोगरी घेऊन पत्रा फुगवत बसलेला. "उन्हाळा गेल्यावर देता का कूलर?" लोक ओरडायचे. श्रावण आतून हो-हो म्हणायचा. त्याला जेवण जाईना. कोणी मोटारीच्या शेपटीकडं बोट दाखवलं तरी तो मध्ये येऊन दुसरंच काही बोलायला लागायचा. बापानं हाक मारली की वाटायचं, कळलं. मग म्हातारा फक्त पाणी मागायचा.

"तुमी जेवून नाही राहिले," अनुसया म्हणाली. "का झालं तुमाले?"

"ऊन लागलं."

बायकोला सांगावं हे त्याच्या मनातही आलं नाही. हातमाग, माप, झूल, ही नंदनवारांकडं पुरुषांची बोलणी. घरात इतकी वर्षं हा विषय चघळला गेला, पण एखाद्या बाईला तुझं काय म्हणणं आहे असं कोणी विचारलेलं आठवत नाही. विचारलं असतं तर ही गोष्टच झाली नसती, पण ते असो.

आखूड शेपूट बसलं. खरं शेपूट गोणपाटात गुंडाळून मागच्या अंगणात, कूलरच्या रिकाम्या सांगाड्यांमागं गेलं. ते भंगारात द्यावं असं श्रावणनं दोनदा ठरवलं आणि दोन्हीदा त्याच्या हातून झालं नाही.

अक्षय तृतीयेला उमरेडची मंडळी सकाळीच आली. शेडखाली दोन कूलर लावले होते, तरी पत्रा तापून वरून वाफा येत होत्या. कैरीचं पन्हं फिरत होतं. अरुंधतीबाईही आल्या होत्या, खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. चंपतरावाचा चुलतभाऊ आला होता, काठी टेकत; 'वीतकमी' हे नाव त्यानंच पहिल्यांदा उच्चारलं असं सगळे म्हणत. चंपतराव धुवट धोतर नेसून, टोपी घालून मोटारीच्या नाकाशी उभा होता. श्रावण शेपटीशी उभा होता.

दोघा नातलगांनी झूल पसरली. नाकावरून, काचेवरून, सीटवरून ती सरकत आली आणि शेपटीच्या टोकाला करवती काठ असा जाऊन टेकला की मुद्दाम बेतलाय. बेतलेलाच होता, पण उलट बाजूनं. टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. अरुंधतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि चुलतभाऊ काठी टेकत पुढं आला, चंपतरावाचे दोन्ही हात धरले.

"चंपत, माफ कर गा मले. स्टेपनीच होती."

झालं! श्रावणला वाटलं आता रडू येईल. ज्या शब्दांची बापानं जन्मभर वाट पाहिली ते शब्द या कानांनी ऐकले. कोणाचं काही वाकडं झालं नव्हतं. वीतभर पत्र्याची काय ती किंमत.

चंपतरावानं मान डोलावली. मग तो झुलीवरून हात फिरवत मोटारीच्या कडेनं चालू लागला, कापड बोटांनी ओळखत, हसत. शेपटीशी आला, काठ चाचपला, काठाखालचा पत्रा चाचपला. तिथं त्याचं हसू थांबलं; टोक बोटांना ओळखीचं लागलं नाही. काही न बोलता तो परत नाकाशी गेला, वाकून कोपर टेकवलं, मधलं बोट लावलं, बोटाच्या जागी पुन्हा कोपर. लोक कौतुकानं पाहत होते. म्हातारा जुनी आठवण काढतोय म्हणत होते. श्रावणला पळून जावंसं वाटत होतं.

शेपटीच्या टोकाशी बोट आणि मोटार एकदमच संपली.

"नऊ हात," चंपतराव म्हणाला. "श्रावण, वीत कुठी हाये?"

श्रावणच्या ओठांवर उत्तर तयार होतं. बाबा, तुमचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांनी मान डोलावली असती, म्हाताऱ्यानंही. त्यानं तोंड उघडलं आणि बापाच्या त्या धूसर डोळ्यांकडं पाहून त्याला ते बोलवलं नाही.

"मी कापली, बाबा."

"काहून?"

"झूल पुरत नव्हती."

 चंपतरावानं पुन्हा काठावर हात ठेवला. बोलला तेव्हा आवाज चढवला नाही.

"लोक झुलीले हसले. मापाले कोणी हसलं नव्हतं. ते माप माझं खरं होतं, आन तू ते खोटं पाडून आला. नऊ हाताची गाडी मी नऊ हात एक वीत मोजली, असं झालं ना हे?"

श्रावणला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. या बाजूनं त्यानं विचारच केला नव्हता.

"खरं शेपूट फेकलं का?"

"नाही. मांगं ठेवलं हाये."

"लाव."

धम्मानंद बोलावण्याची वाट न पाहता पाने-पकड घेऊन आला. तो जणू आठवडाभर यासाठीच तयार होता. लोक पन्ह्याचे पेले हातात धरून जवळ सरकले. बोल्ट खोलले, आखूड शेपूट उतरलं, गोणपाटातलं चढलं. झूल पुन्हा पसरली. नाकाशी काठ बसला, सीटवरून उतरला आणि शेपटीच्या टोकाआधी थांबला. पत्रा उघडा राहिला. चुलतभावानं नजर दुसरीकडं वळवली.

चंपतरावानं ते उघडं टोक हातानं पाहिलं. कुठं स्टेपनी नाही, अडवणारं काही नाही.

"मंग वीत गेली कुठी?" तो म्हणाला. तो कोणाला विचारत नव्हता. इतक्या वर्षांत त्याचा आवाज इतका लहान झालेला श्रावणनं ऐकला नव्हता. खरं सांगून आपण काय मिळवलं, हेच त्याला कळेना. स्टेपनीही गेली, आता या माणसाकडं धरायला काय उरलं?

अनुसया पेले गोळा करत होती. ताट तसंच हातात धरून ती पुढं आली.

"मामाजी, येक विचारू का? झूल कोरी देली होती का धुवून?"

"कापड कोणी धुवून देते का वं?" चंपतराव चिडला. विणकराच्या घरून कापड जातं ते कोरं, खळीसकट. धुतलेलं म्हणजे वापरलेलं. हे सुनेला सांगावं लागावं याचाच त्याला राग आला. मग तो थांबला. "पण ते झूल धुतली होती. मालगुजारानं सांगितलं होतं, खळ गाडीच्या रंगाले लागन, धुवून आण. मायनं तलावावर धुतली. वाळली, आन तशीच घडी घालून मी नेली."

"मंग मोजली नाही पुन्हा?"

"पुन्हा काहून मोजन? मागावर मोजली होती. नऊ हात एक वीत."

"आटली मामाजी," अनुसया म्हणाली. "कोरी सुती साडी पह्यल्या धुण्यात आटतेच. म्हणून आमी कोरी नेसताना येक निरी जास्त घेतो. कोणत्याही बाईले विचारा."

तिथं बसलेल्या उमरेडच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं तोंडाला पदर लावला. "वं माय," दुसरी म्हणाली, "आटतेच ना. त्यात काय विचाराचं?" आणि मग त्या सगळ्या हसायला लागल्या. त्या हसण्यात चंपतराव नव्हता, तमाम पुरुषमंडळी होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कापड विणलं, कोरंच विकलं, आणि ते धुतल्यावर त्याचं काय होतं हे कधी घरातल्या बाईला विचारलं नाही, अशी मंडळी. चुलतभाऊ, जो स्वतः चाळीस वर्षं मागावर बसला होता, काठीच्या मुठीकडं पाहत राहिला.

चंपतराव हसला नाही. तो हिशोब करत होता. ओठ हलत होते. माग, खळ, तलाव, माय. शेवटी त्यानं उजवा पंजा उघड्या पत्र्यावर ठेवला, अंगठा झुलीच्या काठाला लावला आणि बोटं ताणली. करंगळी टोकापर्यंत पोचली नाही. पेरभर कमी पडली.

"श्रावण. तुझा हात ठेव."

श्रावणचा हात घामानं भिजला होता. त्यानं तो पँटला पुसला, काठाशी अंगठा टेकवला आणि पंजा ताणला. करंगळी नेमकी शेपटीच्या टोकाला जाऊन लागली. चंपतरावानं आपल्या बोटांनी ते आधी अंगठ्याशी तपासलं, मग करंगळीशी, आणि मग पोराचा हात तसाच दाबून धरला.

"किती हाये?"

"येक वीत, बाबा. बरोबर येक वीत."

"झुलीत नऊ, आन हे येक वीत," म्हातारा शेडखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मले मोजता येत होतं."